गाडीची उतरंड

फार फार वर्षांपूर्वी, राजांच्या पागांतून घोडे जाऊन मोटारी यायला लागल्या होत्या त्या काळी, घाटाखालच्या एका गावात एका धाकट्या भावाने एक प्रश्न विचारला.

"गाडी महिनाभर आधी सुरू झाली असती, तर दादा वाचला असता का?"

त्याने आधी वैद्याला विचारलं. वैद्याने हात धुतले आणि खल पुढे ओढला. पुजाऱ्याला विचारलं, तर पुजाऱ्याने तीर्थ दिलं. पाटलाला विचारलं, तर पाटलाने पाठीवर हात ठेवला आणि यंदाच्या हरभऱ्याचं बोलायला लागला. शेवटी वहिनीला विचारलं. वहिनी चुलीपुढून उठली आणि आत गेली.

मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, या प्रश्नाचं उत्तर त्याला कोणीही कधी दिलं नाही. मलाही ते ठाऊक नाही. पण पुढे काय झालं ते ठाऊक आहे, तेच सांगतो.

ती गाडी मूळची राजाची. राजाला तिचा कंटाळा आला तेव्हा ती दिवाणाकडे गेली. दिवाणाच्या जावयाने तिला दोनदा ओढ्यात घातली, म्हणून ती फौजदाराकडे गेली. फौजदाराच्या परसात तिच्या टपावर भोपळ्याचा वेल चढला, तेव्हा थोरला भाऊ ती मागून घेऊन आला. दोन बैलजोड्या लावून त्याने ती घाटावरून उतरवली. धाकटा आत स्टिअरिंग धरून बसला होता. लोक म्हणाले, बैलगाडीला छप्पर बरं झालं.

थोरल्याने हसणाऱ्यांना हसू दिलं. त्या गावात कोणी आजारी पडलं, कोणी बाई अडली, तर एकच वाट होती. माणसाला बाजेवर घालायचं, चौघांनी बाज खांद्यावर घ्यायची आणि घाट चढून पलीकडे वैद्याच्या घरी न्यायचं. पोचेपर्यंत सकाळची संध्याकाळ व्हायची. कितीतरी जण पोचायचेच नाहीत. थोरला म्हणायचा, "ही म्हातारी एकदा उठू दे, मग घाट म्हणजे आपल्या घरचा उंबरा."

तो रोज एकच वस्तू काढायचा. ती पुसायचा, निरखायचा, परत जागेवर लावायचा आणि मगच जेवायला बसायचा. दारं झाली, गाद्या झाल्या, चाकं झाली. आता फक्त इंजिन राहिलं होतं. तेवढ्यात वहिनीला दिवस राहिले आणि चौथा महिना सरता सरता ती म्हणाली, गाडी पळून जात नाही, आधी बाळंतिणीची खोली बांधून घ्या. थोरल्याने महिनाभर माती कालवली, भिंती चढवल्या, खोली पुरी केली. खोली पुरी झाली त्याच दिवशी त्याला ताप भरला.

चौघांनी बाज उचलली. घाटाच्या निम्म्यावर एक मोठी धोंड आहे. तिथे त्यांनी बाज खाली ठेवली, आणि पुढे नेण्याचं कारण उरलं नाही.

तेराव्या दिवशी, पाहुणे परतल्यावर, धाकटा वहिनीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुझ्या खोलीने माझा भाऊ खाल्ला."

वहिनीला तेव्हा सहावा महिना सरत होता. त्या दिवसापासून धाकटा तिच्याशी बोलेनासा झाला. ती ताट वाढून ठेवायची, तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

पण चावडीवर जाऊन मात्र त्याने सगळ्या गावासमोर शब्द दिला. माझ्या वहिनीला मी बाजेवर जाऊ देणार नाही, तिचे दिवस भरतील तेव्हा ती गाडीतूनच घाट चढेल, आणि नाही चढली तर मी या गावात तोंड दाखवणार नाही. एक म्हातारा म्हणाला, "बोलत नाहीस तिच्याशी, मग गाडीत बस म्हणून सांगणार कोण, आम्ही?" लोक हसले. धाकटा तिरमिरीत घरी आला आणि त्याने पाना हातात घेतला.

धाकटा शाळेत दोनच पावसाळे गेला होता. हाताला ताकद होती, डोक्याला दम नव्हता. पहिल्याच घावाला त्याने एक नळी उपटली आणि फेकली ती आडापाशी जाऊन पडली. मग दिवे सुटले, पंखा सुटला, टाकी सुटली. नट निघाला नाही तर तो त्याला शिव्या देई आणि निघाला तरी देई. आज काढलेलं उद्या लावावं, हे त्याच्या मनातही आलं नाही. रडू यायला लागलं की तो आणखी एक वस्तू काढायचा. असे नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी काढायलाच काही उरलं नाही.

दहाव्या दिवशी गावचा लोहारबुवा आला. राजाच्या पागेत त्याने चाळीस वर्षं काढली होती, आधी घोड्यांच्या नालांत आणि नंतर मोटारींच्या पोटात. त्याने रिकाम्या सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, शेवटी काय काढलंस? धाकट्याला सांगता येईना. त्याच्या आधी काय? तेही आठवेना.

"लेका," लोहारबुवा म्हणाला, "मोडलेलं मी जोडून देईन. विसरलेलं कसं जोडू?" आणि त्याने काठी उचलून घरची वाट धरली.

तेव्हा कुठे धाकट्याने अंगणाकडे नीट पाहिलं. अंगण लख्ख होतं. सडा घातलेला, रांगोळी काढलेली. एवढ्या वस्तू त्याने फेकल्या होत्या, त्यातला साधा खिळाही दिसत नव्हता. त्याच्या मनात एकच आलं. मोड घेणारा परवा दारावरून गेला होता. वहिनीने दादाची गाडी मोडीत घातली.

तो तरातरा स्वयंपाकघरात शिरला. वहिनी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. नुसतं पिठाच्या हाताने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

कोपऱ्यात उतरंड होती. प्रत्येक घरात असते तशीच. तळाला रांजणाएवढं मडकं, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. अशी नऊ मडकी. एरवी त्यांत डाळी, गूळ, चिंच, मीठ असायचं. ते सगळं आता परातींत आणि सुपांत पसरलेलं होतं, आणि मडक्यांत लोखंड होतं.

"पहिल्या दिवशीचं तळाला आहे," वहिनी म्हणाली. "काल सुटलं ते सगळ्यात वर. मला त्यातलं एकाचंही नाव ठाऊक नाही, भावजी. पण तुम्ही फेकलंत तशा क्रमाने मी उचललं."

धाकटा हात पुढे करून तिथेच थांबला.

"हात लावायचा तर वरून लावा," ती म्हणाली. "मधलं ओढाल तर सगळी उतरंड अंगावर येईल."

धाकट्याचा हात वरच्या मडक्यापर्यंत गेला आणि परत खाली आला. त्याला कळलं की सगळ्यात शेवटी जे तुटलं होतं ते या मडक्यात नव्हतं. ते त्याने तेराव्या दिवशी तोडलं होतं आणि त्यानंतर रोज, ताटावर बसून, थोडं थोडं तोडत आला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "खोलीचं बोललो ते चुकलं माझं."

वहिनीने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "त्यांना मीच खोली बांधायला लावली, हे मला रोज आठवतं. तुम्ही सांगायला नको होतं." आणि थोड्या वेळाने, "घ्या ते मडकं. हात धुऊन घ्या आधी."

त्या दिवशी तो चुलीकडे तोंड करून जेवला.

धाकट्याचा निरोप गेला तसा लोहारबुवा परत आला. उतरंड बघून त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, राजाच्या पागेत असं कोणी केलं असतं तर सगळ्या मोटारी सोन्याच्या झाल्या असत्या. मग कामाला सुरुवात झाली. वरचं मडकं उतरवायचं, त्यातली वस्तू रॉकेलने धुवायची, घासायची, तिची जागा शोधून बसवायची. मडकं रिकामं होईपर्यंत खालच्याला हात लावायचा नाही. तीन मडकी होईपर्यंत तीन आठवडे गेले.

चौथ्याला धाकट्याचा दम सुटला. त्याने तळाचं मडकं एकदम उपसायचं ठरवलं. गाडीच्या मागच्या गादीवर वहिनीची एक कोंबडी खुडूक होऊन बसली होती. त्या काळी कोंबड्या गरज पडली तर बोलायच्या. तिने मान तिरकी केली आणि म्हणाली, "एकवीस दिवसांचं काम वीस दिवसांत करणारी कोंबडी मी अजून पाहिलेली नाही. ज्या करायला जातात त्यांचं लोक आम्लेट करतात." धाकट्याने तिला दोन शिव्या दिल्या आणि चौथ्या मडक्याकडे वळला.

पाचवं झालं, सहावं झालं. कोंबडीची पिल्लं गादीभर हिंडायला लागली. सातव्या मडक्यात एक खीळ मोडलेली निघाली, ती लोहारबुवाने घडवून दिली. आठवं झालं. लोक आता हसायला येत नव्हते, बघायला येत होते, आणि दुरून का होईना, सल्ले देत होते.

नवव्या मडक्यात तळाला ती पहिली नळी होती. पेट्रोल टाकीतून इंजिनात नेणारी. धाकट्याने ती धुतली आणि सवयीने फुंकर मारली. फुंकर पलीकडे गेली नाही. त्याने तार घातली, तर आतून वाळकी माती आली. कुंभारीण माशीने नळीत घर बांधलं होतं. तिने पिल्लांसाठी साठवलेल्या अळ्यासुद्धा आत वाळून गेल्या होत्या.

इंजिनाला दुसरं काहीही झालेलं नव्हतं. फौजदाराने जिला मेलेली म्हणून परसात टाकली, तिचा श्वास एवढ्याशा मातीने कोंडला होता. आणि ती नळी धाकट्याने पहिल्याच दिवशी, पहिल्याच घावाला, आत न बघता फेकून दिली होती.

त्याचा जुना प्रश्न पुन्हा ओठांवर आला. लोहारबुवाने मान दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात दारातून वहिनी म्हणाली, "भावजी, ती नळी लावायला किती वेळ लागेल?" ती चौकट घट्ट धरून उभी होती. तिच्या कळा सुरू झाल्या होत्या.

धाकट्याने नळी लावली. त्याच्या आयुष्यात त्याने इतक्या सावकाश काही केलं नव्हतं. थोरल्याने आणून ठेवलेलं पेट्रोल त्याने टाकीत ओतलं. वहिनीला मागच्या गादीवर निजवलं, शेजारी एक जाणती शेजारीण बसवली. कोंबडी उतरायला तयार नव्हती आणि तिला समजावायला कोणाला सवड नव्हती. लोहारबुवा पुढे बसला. धाकट्याचं गाडी चालवणं म्हणजे बैल ओढत असताना स्टिअरिंग धरणं, एवढंच. बाकीचं लोहारबुवा कानाशी सांगणार होता.

मागून लोटायला माणसं लागली. कोणी न बोलावता चौघं जण पुढे आले. थोरल्याची बाज ज्यांनी खांद्यावर घेतली होती, तेच चौघं. त्यांनी खांदे लावले. गाडी एक हात सरकली, दहा हात सरकली, शिंकली, खोकली, आणि मग तिच्या पोटातून असा आवाज निघाला की गावातली कुत्री भुंकायचं विसरली. चौघं जण धुळीत उभे राहून डोळे पुसत होते आणि धुळीला नावं ठेवत होते.

घाट सुरू झाला. एक वळण, दुसरं वळण, सातवं वळण. निम्म्यावर ती धोंड दिसली. तिथे आपले हात गळतील, गाडी थांबेल, असं धाकट्याला वाटलं. मागून वहिनी म्हणाली, "थांबू नका, भावजी."

गाडी थांबली नाही. धोंड उजवीकडून आली आणि मागे गेली.

सूर्य डोक्यावरून कलायच्या आत ते वैद्याच्या दारात होते. वैद्याची बायको बाळंतपणं करायची. तिने धाकट्याला बाहेर काढलं आणि दार लावलं. बाहेर तो उभा, लोहारबुवा उभा, अंगणात कोंबडी पिल्लांना घेऊन माती उकरत होती. मग आतून एक बारीक, चिडका, ठणठणीत आवाज आला.

मुलगी झाली होती. वैद्याच्या बायकोने सांगितलं, नाळेचे दोन वेढे गळ्याला बसले होते, बाजेवरून आणली असती तर संध्याकाळ झाली असती. त्यापुढे काही सांगायची गरज पडली नाही. वैद्याने दारात येऊन गाडीकडे पाहिलं, मग धाकट्याकडे पाहिलं, आणि त्याला नमस्कार केला.

बाराव्या दिवशी गाडी बाळबाळंतिणीला घेऊन घाट उतरली तेव्हा सगळं गाव वेशीवर आलं होतं. ज्या म्हाताऱ्याने चावडीवर टोमणा मारला होता, त्याने स्वतःचा फेटा सोडून गाडीच्या नाकाला बांधला. त्यानंतर त्या गावातून कोणीही बाजेवर घाट चढलं नाही. अडलेल्या बाया गेल्या, सर्प चावलेले गेले, झाडावरून पडलेले गेले, आणि बहुतेक सगळे परत आले. धाकट्याने गावातल्या सहा जणांना गाडी चालवायला आणि उतरंड लावायला शिकवलं. सहावी होती वहिनी.

मग त्या सगळ्यांसाठी त्याने शेवटची एक गोष्ट केली. एका सकाळी तो कुऱ्हाड घेऊन बाहेर आला आणि घराभोवतीचं बाभळीचं कुंपण त्याने एका बाजूने तोडून टाकलं. फाटक काढलं, खांब उपटले. कोणालाही गाडी लागली तर त्याला हाक मारत दारात उभं राहावं लागू नये म्हणून. दुपारी शेळ्यांनी येऊन वहिनीचा सगळा वाल खाल्ला, आणि वहिनीने शिव्या दिल्या त्या फक्त शेळ्यांना.

तात्पर्य: जोडायला बसलात, तर जे सगळ्यात शेवटी तुटलं तिथून सुरुवात करा.