यंत्राला विचारलंत का?

आदल्या दिवशीच्या गारपिटीनं इंदूबाई ढोमसेंची काढणीला आलेली द्राक्षबाग पार झोडपून काढली. विमा कंपनीचे नाडगौडासाहेब नव्याकोऱ्या गाडीतून आले खरे, पण बागेत पाऊल टाकायला तयार होईनात.

"आमचं हवामान यंत्र नदीपलीकडच्या गावात आहे. त्यात गारपिटीची नोंद नाही, म्हणजे इथं गारा पडल्याच नाहीत," ते म्हणाले.

"फुटलेले मणी तरी बघा, साहेब. बघितल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही."

साहेब हसले. तेवढ्यात आभाळ काळवंडलं आणि पॅकिंग शेडच्या पत्र्यावर ताडताड गारा वाजू लागल्या. साहेबांनी घाईघाईनं गाडी शेडकडे वळवली, तर इंदूबाई डोक्यावर रिकामं क्रेट धरून दारातच उभ्या.

"अहो बाई, सरका. गारा पडताहेत, गाडी आत घेऊ द्या."

"पलीकडच्या यंत्राला विचारलंत का?"

टपावर एक टपोरी गार आदळली. साहेब कळवळले. "यंत्राचं काय घेऊन बसलात? मी माझ्या डोळ्यांनी बघतोय."

इंदूबाई बाजूला झाल्या.

"मग गाडी लावा, आणि तेच डोळे घेऊन बागेत चला."