ताराकाकूंचा सोवळ्यातला रांजण

कवठाळीला मारुतीच्या पारावर सोपानगिरी महाराज उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट.

गावात ताराकाकूंचे सोवळे फार कडक. माजघरातल्या छातीएवढ्या रांजणाला त्यांच्याशिवाय कुणी बोट लावायचे नाही. भांडी घासणारी भिवरा तर उंबऱ्याबाहेरच! भिवरा भाबडी. महाराज एकदा म्हणाले होते, "पोरी, पाणी उकळून पीत जा." झाले, तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. काकू चारचौघींत विचारायच्या, "काय गं, आज पाण्याला फोडणी कसली दिलीस?"

भिवरा हसून सोडून द्यायची. पण काकूंची चार वर्षांची नात वेणू जुलाब-ओकाऱ्यांनी आडवी झाली, तेव्हा तिला राहवेना.

"काकू, पाया पडते, माझ्या घरचं पाणी पाजा तिला."

"माझ्या सोवळ्यातल्यापेक्षा तुझं शुद्ध का गं?"

वेणूचे डोळे खोल गेले, जीभ सुकली. भिवरा धावत पारावर गेली. "महाराज, पोर जाते हो!"

महाराज तडक आले. काकूंनी चांदीच्या भांड्यात पाणी पुढे केले. महाराजांनी ते तसेच खाली ठेवले. "भिवरे, आम्हाला तुझं पाणी हवं."

घरी उरले होते जेमतेम तांब्याभर! तेच तिने आणले. महाराजांनी त्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा टाकला. "ये आत. चमच्याचमच्याने पाज."

भिवरा उंबरा ओलांडून आली. दिवेलागणीपर्यंत पाजत राहिली. आणि काय सांगू! तांब्या रिकामा होईचना! अखेर वेणूने डोळे उघडले. "भिवरामावशी, अजून."

काकूंना रडू फुटले. "महाराज, माझं चुकलं काय? मी रांजणाला कुणाला शिवूसुद्धा दिलं नाही!"

"म्हणूनच, माय. तुमचा हात तळाला पुरत नाही, अन् दुसऱ्याचा तुम्ही लागू दिला नाहीत."

सकाळी रांजण अंगणात आडवा केला. तळाशी बोटभर काळा गाळ, त्यात मेलेली पाल!

काकू महाराजांच्या पायांशी वाकल्या, तर महाराज मागे सरले. "इथे नको, माय. आधी तिकडे," म्हणत त्यांनी रांजणापाशी उभ्या भिवराकडे बोट दाखवले.

काकूंनी पदर खोचला. राख आणि काथ्या घेऊन त्या रांजणात शिरून घासू लागल्या. तोंडाशी भिवरा उकळलेले पाणी घेऊन उभी होती. आतून घुमत आवाज आला, "भिवरे, तूही हात लाव गं."

बघणाऱ्याला वाटावे, काकू भिवराच्या पायांशीच वाकल्या आहेत. आणि खरे सांगू? वाकल्याच होत्या!