देवमासा विशेषांक

“...आणि समजा, एकाच अंकापुरती नजर उरली असेल, तर कोणता विषय घ्यावा?”

हिंगमिरे सरांनी प्रश्न टाकला आणि खांद्यावरची पिशवी मठाच्या पायरीवर टेकवली. अंबाजोगाईहून सकाळी निघालेले सर माळाचा चढ चढून येईपर्यंत घामाघूम झाले होते.

काशीबुवा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. ऐंशी उलटलेला माणूस, पण हात थांबत नव्हता. त्यांनी मूठभर शेंगा सरांपुढे सरकवल्या.

“कसला अंक?”

एवढं विचारायचा अवकाश, सर खुलले.

विशेषांक. मासिकांचे, साप्ताहिकांचे, कुणा हौशी मंडळाने एकदाच काढून बंद केलेले. एक अंक, एकच विषय, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत. मीठ विशेषांक. पूल विशेषांक. कुलपांवरचा, मुंग्यांवरचा, पतंगांवरचा. सर शाळेत गणित शिकवत, पण जीव या अंकांत. रद्दीच्या दुकानात तासन्‌तास उकिडवं बसून त्यांनी ते जमवले होते. खोली भरली, मग माडी भरली. बायको म्हणायची, “एक अंक धुळीवर काढा. मजकूर मी देते.”

गावात त्यांचा दबदबा होता. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, अगदी सावडायला गेले तरी विषय निघायचा आणि सर म्हणायचे, “त्याच्यावर एक अंक आहे माझ्याकडं.” मग समोरच्याने गप्प बसायचं.

“मग अडलं कुठं?” बुवांनी विचारलं.

सरांचा आवाज खाली आला.

“डोळे चाललेत, बुवा. मधलं दिसत नाही. अक्षराकडं बघावं तर तेच नेमकं पुसलेलं असतं. कडेकडेनं वाचतो. डॉक्टर म्हणतात, पुढच्या दिवाळीचा भरवसा नाही.”

बुवांचा हात थांबला.

“आणि माडीवर अजून गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. न उघडलेले.” सर एकदम घाईने बोलू लागले. “रोज उठतो, एक काढतो, चार पानं वाचतो. वाटतं, हा नको, तो घ्यावा. तो काढतो. त्याच्यातही जीव रमत नाही. अख्खं जग राहिलंय, बुवा! कोणता घेऊ?”

“आणलेत का?”

“निवडक आणलेत. तुम्ही सांगाल तो शेवटचा.”

बुवांनी पिशवीत हात घातला. आत पाहिलंही नाही. जो हाताला लागला तो अंक बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला.

मुखपृष्ठ निळंशार होतं. सर तो रंगावरूनच ओळखून खजील झाले.

“हा नाही. हा चुकून आला. देवमासा विशेषांक. याची पारायणं झालीत माझी. तोंडपाठ आहे.”

“माझा राहिलाय,” बुवा म्हणाले. “वाचून दाखवा.”

सरांना हसू आलं. जरा बरंही वाटलं. या माळावर उन्हाळ्यात पिण्याचं पाणी टँकरने येतं. बुवांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. यांना काय काय सांगता येईल!

त्यांनी अंक डोळ्यांजवळ तिरपा धरला आणि सुरुवात केली. निम्मं वाचून, निम्मं आठवून.

“निळा देवमासा. पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा जीव. लांबी म्हणाल तर तीन एसटी गाड्या एकामागं एक उभ्या करा.”

“तीन...” बुवा पुटपुटले.

“नुसती जीभ हत्तीएवढ्या वजनाची. आणि मासा म्हणायचा, पण मासा नव्हे बरं का. पिल्लाला पाजतो. श्वास घ्यायला वर येतो. हे पुष्कळांना माहीत नसतं.”

बुवांनी नुसती मान हलवली.

सर रंगात आले. पानामागून पान उलटू लागले. चित्रं दाखवायलाही थांबेनात.

“खोल बुडी मारली की त्याचं हृदय मिनिटाला जेमतेम दोनदा ठोका देतं. आता पुढं शिकारीचा इतिहास आहे, त्यात असं दिलंय की...”

“मघाचं परत वाचा.”

“कुठलं?”

“हृदयाचं.”

सरांनी पान मागे घेतलं. “खोल बुडी मारली की त्याचं हृदय मिनिटाला जेमतेम दोनदा ठोका देतं.” आणि सवयीने पुस्ती जोडली, “हे वाक्य मी शाळेत दर वर्षी सांगायचो. पोरं टाळ्या वाजवायची.”

बुवा वळले. पाठीमागे ओट्याचा जुना सागवानी खांब होता. त्यांनी मूठ आवळली आणि खांबावर एकदाच हाणली.

धप्प.

सर वाट पाहू लागले.

काही झालं नाही.

“बुवा, म्हणजे...”

बुवांनी बोट वर केलं.

...

वारा पडला होता. खाली कुठेतरी शेळी ओरडली आणि गप्प झाली. सरांना स्वतःच्या छातीतली धडधड ऐकू येऊ लागली. एक, दोन, तीन, सात... गणिताचा माणूस, मोजू लागला. मोजता मोजता आकडा हातून सुटला.

...

अजून नाही.

आता सरांना भीती वाटली. कशाची, ते कळेना. बंदच पडलं की काय ते हृदय? एवढं प्रचंड धूड, आणि त्याच्यात एवढी शांतता? वर पाण्याचा डोंगर, खाली नुसता काळोख, आणि त्या काळोखातून काहीतरी चाललेलं... न थांबता, न घाबरता... पुढचा ठोका येईल या एका भरवशावर...

...

धप्प.

सरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाठीपासून मानेपर्यंत.

टाळ्या घेतलेलं वाक्य होतं ते. पंगतीत फेकलेलं, फळ्यावर लिहिलेलं. पण त्या वाक्याच्या पोटात असं कुणी जिवंत राहतं, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी बुवांकडे पाहिलं. नेमकं पाहिलं तर चेहरा पुसला जात होता, म्हणून नजर थोडी बाजूला नेली. तेव्हा दिसलं.

म्हातारा रडत होता. तोंड किंचित उघडं, जत्रेत पहिल्यांदा हत्ती पाहिलेल्या पोरासारखं. दोन्ही हात आपोआप जुळलेले.

“आहे म्हणता असा?” बुवांनी अगदी हळू विचारलं. “आत्ता? या घटकेला?”

“आहे,” सर म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. “आत्ता... कुठंतरी असेलच.”

माळावर ऊन तांबूस होऊन लांबलचक पसरलं होतं. माडी, गठ्ठे, डॉक्टर, दिवाळी, यातलं सरांना काही आठवत नव्हतं. मांडीवर अंक उघडा पडला होता.

बुवांची नजर माळाच्या एका टोकाला लागली होती. ती तिथून सावकाश सरकत निघाली. पळसाच्या झुडपांवरून, दगडी बांधावरून, पडक्या विहिरीवरून... इतकी सावकाश, की सरांनीही नकळत त्याच दिशेला मान वळवली.

पुष्कळ वेळ गेला.

मग जन्माची सवय जागी झाली. सरांची बोटं कागदाच्या कोपऱ्याकडे गेली. त्यांनी पान उलटायला घेतलं.

बुवांनी त्यावर तळवा ठेवला.

“पुढचं वाचू ना, बुवा?”

“थांबा, सर...” माळावरची नजर न काढता बुवा म्हणाले. “अजून शेपटी जायची आहे.”