एका दमात तीन चाली

कंबर धरली आहे, चहा गार झाला आहे, तरी गोष्ट सांगा म्हणून मागे लागलात. सांगतो. पण हुंकार भरा, नाहीतर उठून जाईन.

एका राज्यात, चहूकडे समुद्र आणि बारमाही हिरवं गवत अशा बेटावर, कोनल राजा नांदत होता. त्याची राणी ओर्ला पुंगीवाल्याची लेक. पुंगी म्हणजे गारुड्याची नव्हे. काखेत कातड्याचा भाता, तो कोपराने दाबायचा, की नळीतून सूर निघतो. तोंड मोकळं राहतं. त्यामुळे राणीला वाजवता वाजवता नवऱ्याशी भांडताही येई.

राजाने एकदा जादूगाराच्या टेकडीतून सोन्याची वीणा उचलून आणली. लागला तो हातच सोन्याचा झाला. तेव्हापासून राजाला रडू येईना, हसू येईना, झोप येईना. धाकटा मुलगा नावेसकट बुडाला, तरी बापाचा डोळा कोरडा. सोनं मात्र कोपरापर्यंत चढलं. काळजाला भिडलं की राजाचा पुतळा होणार.

वीणेवर एक साळुंकी बसे. ती म्हणाली, "एका दमात तीन चाली वाजवा. पहिलीने रडेल, दुसरीने हसेल, तिसरीने निजेल. मध्ये सूर तुटला तर सोनं चढेल."

दरबारचा वादक आला. पहिली चाल संपवून दुसरी धरायला थबकला. सोनं खांद्याशी. दुसरा आला, तोही थबकला. सोनं काळजाच्या वीतभर अलीकडे. तिसरा आलाच नाही, म्हशी शोधायला गेला.

राणीने खुंटीवरची पुंगी काढली.

"मला बाबांनी शिकवलेली एकच चाल येते."

"तीही बेसूर," राजा म्हणाला.

"पुतळा व्हायची वेळ आली, तरी जीभ काही सोन्याची होत नाही तुमची!"

बोलता बोलता तिने भाता काखेत घेतला. मग तिला बाबांचं बोलणं आठवलं. ते शिकवताना ओरडत, "पोरी, घोडा बदलू नकोस. त्याची चाल बदल!"

राणीने भाता दाबला. बापाचीच चाल, पण पाऊल जड. एकेक सूर लांबवत नेला. राजाला लाटांवर उलटी नाव दिसली. ओठ थरथरला. "माझं पोर," एवढंच म्हणाला, आणि आसवं सोन्यावर पडली. सोनं थांबलं.

कोपर थांबलं नाही. तीच चाल दुडकी धावू लागली. राजाची टाच आपोआप ठेका धरू लागली.

"आपल्या लग्नात हीच वाजली होती की गं!"

"आणि नाचताना तुम्ही माझा अंगठा तुडवलात. नख अजून काळं आहे."

राजा खदखदून हसला. सोन्याचे पोपडे खळाखळा गळाले.

मग तीच चाल हळूच डुलू लागली. धाकट्याचा पाळणा हिच्यावरच हलायचा. राजाने राणीच्या खांद्यावर मान टाकली, आणि भर दरबारात घोरू लागला. वीणा साध्या लाकडाची झाली. जादूगाराच्या टेकडीवर मेंढ्या चरू लागल्या.

"आता उठवायची चाल?" साळुंकीने विचारलं.

"ती मला येत नाही," राणी म्हणाली. "निजू दे त्यांना. फार दिवसांनी निजलेत."

त्या चालीत शब्द एकही नव्हता, ध्यानात ठेवा. शब्दावाचून वाजवण्यात जीव कसला, असं माझं वाजवणं ऐकून मला चार माणसांत म्हणाला, आणि अजून माफी मागायला फिरकला नाही, त्या आपल्या गावच्या म्हादू चौगुल्यालाही एवढं सांगा.