सगळ्यात ज्येष्ठ कोण?

बढत्यांसाठीची सेवाज्येष्ठता यादी उद्या वर पाठवायची होती आणि प्रोग्रामर यामिनी ढवळीकरला एका जागी बसवत नव्हतं. सगळ्यांच्या रुजू होण्याच्या तारखा कॉम्प्युटरमध्ये तारीख म्हणून नव्हे, नुसता मजकूर म्हणून भरलेल्या होत्या.

"साहेब, त्यांच्या खऱ्या तारखा करायला दोन दिवस द्या," तिने तिसऱ्यांदा विनवलं.

"स्क्रीनवर तारीख दिसतेय ना? मग ती तारीखच!" उपसंचालक घाटपांडे खेकसले. "उगाच शहाणपणा नको. आत्ता छाप."

तिने छापली. साहेबांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग भराभरा सगळीच उलटली. सगळ्यात वर गेल्या वर्षी लागलेला कारकून तुपे आणि सगळ्यात खाली घाटपांडे!

"अगं, मी एक्क्याण्णव सालचा!"

"पण तुम्ही एकतीस डिसेंबरला रुजू झालात, तुपे एक जानेवारीला. मजकुराची रांग डावीकडच्या आकड्यावरून लागते, साहेब. सालापर्यंत कोण पोचतंय?" यामिनी यादी उचलून दाराकडे निघाली.

"आता कुठे चाललीस?"

"तुपेसाहेबांकडे, दोन दिवस मागायला. ज्येष्ठ तेच ना!"

"थांब," घाटपांडे पेन शोधत म्हणाले, "चार दिवस घे."