लग्नाला आलेली तलवार

फार जुन्या काळची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी तर कान उघडे ठेवूनच ऐकावी.

एका डोंगरी किल्ल्याच्या किल्लेदाराला एकुलता एक मुलगा होता. देखणा, गोडबोल्या आणि पक्का बाहेरख्याली. त्याच्या घोड्याच्या टापा ऐकू आल्या की पंचक्रोशीतल्या आया मुलींना घरात ओढून घेत.

किल्लेदार मिशीत हसायचा. "वयच आहे. लग्न झालं की निवळेल." गडावरची म्हातारी मंडळी माना डोलवायची. त्यांना तेवढंच येत होतं.

खालच्या गावात कापड विणणाऱ्या साळ्यांच्या एका मुलीला त्यानं लग्नाचं वचन दिलं, आणि विसरून गेला. तिला दिवस गेले तेव्हा पंचांनी तिला वेशीबाहेर काढलं. शेताच्या बांधावर बाळंत होताना ती मेली, मूलही गेलं. पुढच्याच सणाला त्याच पंचांनी किल्लेदाराच्या मुलाला मानाची पानसुपारी दिली.

त्याच मुलखात घोड्यांची पैदास करणारा एक पागेवाला होता. त्याची मुलगी शिंगरांना स्वतः लगाम लावायची. एके दिवशी किल्लेदाराचा मुलगा तिथं घोडा बघायला आला, आणि घोडा सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

"घोडा तिकडं आहे, धाकले सरकार," ती म्हणाली.

"पण नजर इकडं वळतेय."

"मग उद्या या. आज तुमची नजर लंगडतेय."

तो खरंच दुसऱ्या दिवशी आला. नंतरही येत राहिला. तिनं त्याच्या हातात घोडे घासायचा खरारा दिला, लीद काढायला लावली. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी कामाला लावलं होतं. तो हसत हसत करायचा, आणि नको नको म्हणता तिला त्या हसण्याची सवय लागली. त्याचा लौकिक तिला ठाऊक होता. आपला जीव त्याच्यावर जडलाय हेही कळत होतं, आणि त्याचाच तिला राग यायचा.

दोन्हीकडचे थोर खूश झाले. "शिंगरं वठणीवर आणते, नवऱ्यालाही आणील!" म्हणजे जे काम बापानं कधी केलं नाही, ते सुनेच्या गळ्यात.

त्यानं मागणी घातली तेव्हा ती घोडीला पाणी दाखवत होती. वळलीसुद्धा नाही.

"आधी साळ्याच्या घरी जायचं. पायी, हत्याराशिवाय. तिच्या आईसमोर आणि भावासमोर उभं राहून सांगायचं, दोष माझा होता."

त्याचं हसू मावळलं. "आणखी काही?"

"लग्नाला स्वतः यायचं. तुमच्यात नवरदेव आला नाही की त्याची तलवार पाठवतात आणि पोरगी तिलाच माळ घालते. मी लोखंडाशी लग्न करणार नाही."

तो घोडीच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिला. "मला त्या मुलीचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही," तो अखेर म्हणाला.

"तेही तिथंच सांगा."

"तिचा भाऊ मारेल मला."

"मारेलही. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

त्यानं घोडीची आयाळ सोडली. "लग्नाच्या दिवशी सकाळी जातो," तो म्हणाला. "तिथून थेट मांडवात येतो. वडिलांना मात्र सांगून जाईन. चोरासारखा जाणार नाही."

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

तिच्या बापाला हे कळलं तेव्हा तो चिडला. "पुरलेलं मढं कशाला उकरतेस? बाईच्या जातीनं थोडं झाकायला शिकावं."

"झाकून झाकूनच एवढं झालंय, दादा," ती म्हणाली.

गोरज मुहूर्त होता. उन्हं उतरली, मांडव भरला, वाजंत्री वाजू लागली. वऱ्हाड आलं. पुढं किल्लेदार, मागं पालखी, आणि पालखीत शेल्यात गुंडाळलेली तलवार.

तिनं हातातली माळ खाली घेतली.

"धाकल्यांना अचानक मोहिमेवर जावं लागलं," किल्लेदार म्हणाला. "रीत आहे आपली. माळ घाल, मुली."

"तलवार तर इथं आहे, आबासाहेब. मग मोहिमेवर काय, पळी घेऊन गेलेत?"

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. किल्लेदाराची मान खाली गेली. तिला उमजलं. तलवार मागं ठेवून तो ठरल्याप्रमाणे साळ्याच्या घरी गेला होता, आणि अजून परतला नव्हता.

"मुहूर्त टळतोय!" भटजी ओरडला.

"घाल गं माळ," बापानं तिचा दंड धरला. "माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

तिनं दंड सोडवला, माळ तिथंच टाकली आणि शालूसकट घोडीवर बसली. तिला परत आणायला सगळं वऱ्हाड मागं धावलं.

साळ्याच्या घराच्या भिंती काळ्या पडल्या होत्या. माग जळून गेला होता. अंगणात किल्लेदाराचा मुलगा पडला होता. बाजूला त्या मुलीचा भाऊ बसला होता. पळून गेला नव्हता. त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून कण्हत होती.

"सकाळी किल्ल्यावरची माणसं आली," भाऊ म्हणाला. "माग जाळला. आईला फरफटत बाहेर काढलं. म्हणाले, धाकले सरकार यायच्या आत मुलूख सोडा. मग हा आला. मला वाटलं, काम नीट झालं का ते बघायला आला. माझ्या हातात कुऱ्हाड होती."

"आणि त्याच्या?"

"काही नव्हतं. हात जोडलेले होते. ते मी नंतर पाहिलं."

"काही बोलला?"

"तोंड उघडलं होतं. मी बोलू दिलं नाही."

ती खाली बसली आणि त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं.

किल्लेदार पोचला, मुलाला पाहिलं आणि फुटक्या आवाजात ओरडला, "धरा त्या साळ्याला!"

"कुऱ्हाड यानं चालवली," ती म्हणाली. "आग लावायला कुणी पाठवलं, आबासाहेब?"

"साळ्यापुढं माझा मुलगा हात जोडणार होता! घराण्याचं नाक राखायला केलं मी!"

"नाक राहिलं. मुलगा गेला."

लगेच पंच बसले. तेच ते पंच. घराला आग कशी लागली, तर म्हणे चुलीची ठिणगी उडाली असेल. भावाला फाशी झाली. ती ओरडत राहिली, आणि तिचा बाप तिच्या तोंडावर हात दाबत राहिला.

किल्लेदारानं स्वतःच्या हातानं मुलाला अग्नी दिला आणि समाधीच्या दगडावर कोरून घेतलं, 'रणात पडला'. आयुष्यात त्या मुलानं एकच धड काम केलं होतं. तेही बापानं पुसून टाकलं.

ती फाशी गेलेल्या साळ्याच्या आईला घेऊन बापाच्या दारात आली. "म्हातारीला घेऊन येणार असशील तर येऊ नकोस," बाप म्हणाला. ती आत गेलीच नाही. दोघी दुसऱ्या मुलखात कुणाच्या तरी पागेत लीद काढून जगल्या. किल्लेदार वारस नसताना मेला आणि किल्ला परक्यांनी घेतला.

थोरांनो, विशेषतः तुम्हीच लक्षात ठेवा: मुलाचा दोष झाकणारा बाप मुलाला वाचवत नाही, त्याची सुधारायची वाट जाळतो.