जशीच्या तशी टाकी

“पण हे आहे तरी काय, बुवा?”

डॉक्टर पळसुल्यांनी मोबाइल पुन्हा अच्युतबुवांच्या नाकाशी नेला. सकाळपासून हेच चाललं होतं. मठात पानं वाढून झाली होती, भात निवत होता, आणि बुवा पानावर आल्याशिवाय आम्हा शिष्यांना घास उचलता येईना. असा वैताग आला होता म्हणून सांगू!

फोटोत काचेची टाकी होती, समुद्राच्या खाऱ्या पाण्याची. मधोमध एक गुलाबी प्रवाळ. खालच्या दगडावर हरभऱ्याएवढं काहीतरी उगवलेलं... तपकिरी, मिशा फुटलेलं.

“मला काय विचारता?” बुवा म्हणाले. “मला बांगडा दाखवलात तरी ओळखता यायचा नाही.”

“अहो, सगळ्यांना विचारून झालं! दुकानदार म्हणतो, शेवाळ. ग्रुपवर एक म्हणतो, स्पंज. दुसरा म्हणतो, विषारी आहे, उपटा. मी कातडीचा डॉक्टर आहे, बुवा. पेशंट दारात असतो तेव्हाच चट्टा ओळखतो. आणि माझ्याच घरात काय उगवलंय ते मला कळू नये?”

“मग राहू द्या की.”

“राहू द्या कसं? टाकी ऋताची आहे. माझ्या लेकीची. भांडून गेली... जाताना एवढंच म्हणाली, बाबा, माझी टाकी सांभाळा. रविवारी येतेय, चार वर्षांनी. तिला टाकी जशीच्या तशी दिसली पाहिजे. तेवढं झालं, तर बोलेल माझ्याशी.”

आम्ही भात विसरलो.

“मग आजवर काय केलंत?” बुवांनी विचारलं.

“खरवडलं. ओळखीचं नाही ते ठेवायचं नाही. मध्ये जांभळा थर धरला होता, ब्रशने घासून काढला. पांढरे ठिपके आले, तेही काढले. पण हे मेलं एका जागी उपटलं की चार जागी उगवतं!”

“आणि ते गुलाबी?”

“ते... फिकं पडत चाललंय.”

बुवांनी कपाळावर हात मारला.

“लेकीचा फोटो दाखवा.”

डॉक्टरांनी लगेच दाखवला. लांब वेणीची मुलगी, टाकीशेजारी हसत उभी.

“हा जुना. आत्ताचा?”

“आत्ताचा नाही.”

“म्हणजे ती पाठवत नाही?”

“तिच्या आईला पाठवते. आई मला धाडते.” डॉक्टर चाचरले. “केस पार बारीक कापलेत. नाकात कसली रिंग, दंडावर काहीतरी गोंदलंय. आमची ऋता वाटतच नाही हो. मी... पुसून टाकले ते.”

“सगळे?”

“...सगळे.”

बुवांनी मोबाइल घेतला, पालथा करून पुन्हा डॉक्टरांच्या हातात ठेवला आणि वरून त्यांची मूठ मिटली.

“अहो डॉक्टर, रविवारी दारात कुणी अनोळखी पोरगी दिसली, तर ब्रश शोधायला धावू नका. आधी तिला आत घ्या.”